‘सगळ्याच गाड्यांना असंच असतं’

आपल्या बेळगावची माणसे गोव्याला निघाली की टाकी भरून निघत नाहीत. साखळीपर्यंत पोहोचेल एवढेच पेट्रोल ठेवायचे आणि टाकी तिकडे जाऊन फुल्ल करायची, हा आपल्याकडचा जुना हिशेब. २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि गोव्यात पेट्रोल लिटरमागे अकरा रुपयांनी उतरले, तेव्हापासून तर हा हिशेब घरोघरी पाठ झाला. पुढे तिथला कर पुन्हा चढत गेला, पण फरक राहिलाच. गेल्या श्रावणात आम्ही गेलो तेव्हा तो लिटरमागे सहा रुपयांच्या आसपास होता. ४० लिटर भरले तर २४० रुपये वाचतात. बँकेत कारकुनी करणाऱ्याला २४० रुपये म्हणजे काहीच नाही, असे कधी वाटत नाही. तिकडे कागलची मंडळी कोगनोळी ओलांडून निपाणीच्या बाजूला पेट्रोल भरायला येतात, तोही हाच हिशेब. सीमेवर राहण्याचे तोटे आपण पिढ्यानुपिढ्या मोजत आलो आहोत. पदरात पडणारा एवढाच काय तो फायदा.

पण हा सगळा हिशेब गाडीतल्या एका काट्यावर उभा असतो, आणि तो काटाच खोटे बोलू लागला तर काय होते, ते आम्ही गेल्या श्रावणात चोर्ला घाटात अनुभवले.

गाडी आमची मोठी, म्हणजे हल्ली ज्याला एसयूव्ही म्हणतात त्यातली लहान. घेतली बँकेच्या कर्मचारी कर्जावर. कंपनीचे नाव लिहीत नाही. ते का, हे पुढे येईलच. कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला निघालो होतो. गाडीत आई, सौभाग्यवती, दोन मुले आणि शेजारच्या काकू. पहाटे निघताना काटा खालून तिसऱ्या हिश्शावर होता आणि शेजारच्या चौकोनात ‘अजून १६० किलोमीटर’ असा आकडा. साखळी पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. म्हणजे दुपटीने पेट्रोल शिल्लक. जांबोटी गेली, कणकुंबी गेली, चोर्ला मागे पडले. पाऊस आणि धुके एवढे की समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. उतारावरच्या एका वळणावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले.

ज्यांनी हे अनुभवलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की नुसता आवाज थांबत नाही. पॉवर स्टिअरिंग एकदम जड होते. ब्रेकला मिळणारी मदत संपते. एक-दोनदा दाबेपर्यंत ठीक, नंतर पेडल दगडासारखे लागते. उतारावर, वळणात, ओल्या रस्त्यावर, मागून मालाचा ट्रक येत असताना हे झाले. गाडी कडेच्या गटारापाशी थांबली ती आमच्या कौशल्याने नव्हे. आईने ‘पेट्रोल संपलं का रे?’ असे विचारले तेव्हा आम्ही जरा चिडूनच म्हणालो, ‘छे, एक तृतीयांश टाकी आहे.’ काटा तेव्हाही तेच सांगत होता. चौकोनातला आकडा १०० च्या आसपास होता. पेट्रोल संपत आल्यावर लागतो तो पिवळा दिवा लागलेला नव्हता.

मोबाइलला रेंज नव्हती. तासाभराने बेळगावहून गोव्याला भाजी घेऊन जाणारा एक टेम्पोवाला थांबला. त्याने बॉनेट उघडून पाहण्याचीही तसदी घेतली नाही. आमच्या गाडीचे नाव वाचले आणि म्हणाला, ‘ह्या गाडीचा काटा खोटा असतो साहेब, तेल संपलंय.’ परत येणाऱ्या आपल्या भावाकरवी त्याने बाटल्यांतून दोन लिटर पेट्रोल पाठवले. दोन लिटर घालताच गाडी सुरू झाली. साखळीला पंपावर टाकी भरली तर साडेत्रेचाळीस लिटर पेट्रोल गेले. पुस्तकात टाकी ४५ लिटरची लिहिली आहे. वाचकांनी बेरीज करून पाहावी.

ह्या प्रसंगाआधीचा आणखी एक प्रसंग आहे, आणि तो सांगायला आम्हाला जास्त संकोच वाटतो. त्याच्या दोन महिने आधी घराजवळच्या पंपावर हजाराचे पेट्रोल घातले आणि काटा तसूभर हलला नाही. आम्ही पंपावरच्या पोऱ्याला सगळ्यांदेखत बोललो. माप मारतोस, मीटरमध्ये गडबड आहे, वगैरे. मॅनेजर शांतपणे आत गेले आणि पाच लिटरचे माप घेऊन आले. कोणीही ग्राहक मागेल तेव्हा ते दाखवावे लागते, वैधमापन खात्याचा शिक्का त्यावर असतो आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. माप काठोकाठ बरोबर भरले. त्या मुलाची माफी मागितली खरी, पण पुटपुटत. पंपाच्या यंत्राची वर्षातून एकदा सरकारी तपासणी होते, किराणा दुकानातल्या काट्याची होते. गाडीतल्या काट्याकडे शिक्का घेऊन कोणी फिरकत नाही, आणि तो चुकला की आळ येतो पंपावर आठ तास उभ्या असलेल्या पोरावर. आपल्यापैकी कितीजणांनी असे पंपवाल्यांशी भांडण केले असेल, याचा आता आम्हाला अंदाज येतो.

घाटाच्या प्रसंगानंतर आम्ही सर्विस सेंटरला गेलो. तिथल्या तरुण अॅडव्हायजरने ऐकून घेतले आणि हसून म्हणाला, ‘काका, सगळ्याच गाड्यांना असंच असतं. तुम्ही अर्धी टाकी कायम ठेवत जा.’

हे वाक्य त्याने आम्हाला समजावण्यासाठी उच्चारले. आम्ही घरी येऊन रात्रभर त्यावर विचार केला. एखाद्या खातेदाराने आमच्या काउंटरवर येऊन सांगितले की पासबुकात शिल्लक जास्त दिसते आणि प्रत्यक्षात खात्यात पैसे नाहीत, आणि त्याला आम्ही म्हणालो, ‘सगळ्याच खात्यांना असंच असतं, तुम्ही थोडे जास्त पैसे ठेवत जा’, तर दुसऱ्या दिवशी आम्ही नोकरीत असू काय? एका गाडीत दोष असेल तर तो नशिबाचा भाग, एखादा नग वाईट निघतो. सगळ्याच गाड्यांत असेल तर तो कंपनीचा दोष आहे, आणि तो कंपनीच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलेला आहे. फक्त ही कबुली तोंडी आहे.

काटा चुकतो कसा, हे थोडे समजून घेऊ, कारण सर्विस सेंटरमध्ये आपल्या अज्ञानाचाच फायदा घेतला जातो. टाकीच्या आत एक तरंगता तुकडा असतो, त्याला मेकॅनिक फ्लोट म्हणतात. तो एका दांडीला लावलेला असतो. पेट्रोलची पातळी खाली गेली की फ्लोट उतरतो, दांडी फिरते आणि तिचे दुसरे टोक एका पट्टीवर घासत सरकते. ह्या पट्टीतून जाणारा वीजप्रवाह पातळीप्रमाणे कमी-जास्त होतो आणि त्यावरून समोरचा काटा हलतो. घासणाऱ्या टोकावर मळ बसला, गंज चढला, दांडी अडकली की काटा जागच्या जागी राहतो किंवा भलतेच दाखवतो. गाडी वळताना, चढताना पेट्रोल हिंदकळते, म्हणून काटा सतत नाचू नये यासाठी तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो. मोठ्या गाड्यांच्या टाक्या सरळ डब्यासारख्या नसतात; खालून जाणाऱ्या दांड्यांना जागा देण्यासाठी त्या काही वेळा खोगिराच्या आकाराच्या असतात, मग एकाच्या जागी दोन फ्लोट लागतात. हे सगळे मान्य. काटा लिटर-दोन लिटरने चुकणार, चढावर उभ्या गाडीत वेगळे दाखवणार, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पूर्वीच्या गाड्यांतही काटा चुकायचा, पण तो चुकायचा ग्राहकाच्या बाजूने. काटा शून्यावर टेकला तरी टाकीत चार-पाच लिटर शिल्लक असत आणि माणूस पंपापर्यंत पोहोचे. आमच्या गाडीचा काटा उलट्या बाजूने चुकतो.

आणि यात एक मेख आहे. काटा, ‘अजून इतके किलोमीटर’ हा आकडा आणि पिवळा दिवा, ह्या तीन गोष्टी आपल्याला तीन वेगळे साक्षीदार वाटतात. आमच्या गाडीत ते तिघेही एकाच फ्लोटच्या सांगण्यावर बोलतात. वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना हे लगेच कळेल. मूळ व्हाउचरवरच रक्कम चुकली असेल तर ती चूक रोजकीर्दीत जाते, खतावणीत जाते, आणि तेरीज मात्र पैशापैशाने जुळते. जुळली म्हणून हिशेब खरा ठरत नाही. आमच्या पहिल्या वर्षाच्या प्राध्यापकांनी हे फळ्यावर लिहून दाखवले होते. चोर्ला घाटात आम्ही तेच विसरलो आणि तीनही आकडे जुळतात म्हणून निर्धास्त राहिलो.

त्या दिवसापासून आम्ही गाडीत एक वही ठेवली. तारीख, किलोमीटरचा आकडा, किती लिटर भरले, भरण्याआधी काटा कुठे आणि भरल्यावर कुठे. कारकुनाची सवय. घरच्यांनी थट्टा केली. पण तीन महिन्यांत त्या वहीने जे सांगितले ते कुठल्याच मेकॅनिकने सांगितले नव्हते. टाकी अर्ध्याच्या वर असेपर्यंत काटा बरोबर. अर्ध्याच्या खाली गेला की तो अधूनमधून एका तिसऱ्या हिश्शापाशी थांबतो आणि तिथून हलत नाही. वॉरंटीत त्यांनी फ्लोटचा संच दोनदा बदलून दिला. दोन्ही वेळा महिना-दीड महिना बरे चालले आणि पुन्हा तेच.

सर्विस सेंटरच्या बाकावर बसले की ओळखी होतात. खानापूरचे एक शिक्षक, निपाणीकडचे एक तंबाखूचे व्यापारी, शहापुरातल्या एक डॉक्टरीणबाई, हिंडलग्याचे एक निवृत्त सुभेदार. सगळ्यांची गाडी तीच आणि काट्याची तक्रार तीच. डॉक्टरीणबाईंची गाडी रात्री दोन वाजता पेशंटकडे जाताना बंद पडली होती. प्रत्येकाला ‘सगळ्याच गाड्यांना असंच असतं’ हे ऐकवले गेले होते आणि प्रत्येकजण अर्धी टाकी भरलेली ठेवून मुकाट्याने जगत होता. आम्ही सगळ्यांचे जॉब कार्ड पाहायला मागितले. तिथे खरी गोष्ट कळली.

आपण काउंटरवर मराठीत बोलतो. अॅडव्हायजरही बहुधा आपलाच मुलगा असतो, तो मराठीतच ऐकतो. पण जॉब कार्डवर तो इंग्रजीत लिहितो, आणि काय लिहितो? ‘फ्युएल गेज चेक्ड, फाउंड ओके.’ किंवा नुसते ‘जनरल चेकअप’. शिक्षकांच्या चार जॉब कार्डांपैकी फक्त एकावर काट्याचा उल्लेख होता. सुभेदारांच्या कार्डावर एकही नव्हता, आणि त्यांनी तर दर वेळी खणखणीत आवाजात तक्रार केली होती. घाटात गाडी बंद पडल्याचे आमच्या स्वतःच्या कार्डावर लिहिलेले नव्हते. आणि खाली आमची सही होती! दिवसभर लोकांना ‘वाचून सही करा’ सांगणाऱ्या माणसाची ही अवस्था. बँकेत ज्याची नोंद नाही ते घडलेले नसते. कंपनीच्या दफ्तरीही आमच्यापैकी बहुतेकांचे काटे उत्तम चालू होते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा काट्यावर रकाने कशाला भरायचे? बाहेरच्या जगात ह्या काट्याकडे कसे पाहिले गेले, ते सांगतो. मार्च २०१० मध्ये निसान कंपनीने मुख्यतः अमेरिकेत ब्रेकचे पेडल आणि पेट्रोलचा काटा अशा दोन दोषांपायी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यात आर्माडा, पाथफाइंडर, एक्सटेरा ह्या मोठ्या गाड्या होत्या. काट्याचा दोष काय, तर टाकी रिकामी झाली तरी काटा पाव टाकी शिल्लक दाखवू शकतो. आमचाच दोष, फक्त आमचा एक तृतीयांशावर थांबतो. तिथे हा दोष सुरक्षिततेचा मानला गेला, कारण रस्त्याच्या मधोमध गाडी बंद पडणे हा धोका आहे.

त्याआधी २००४ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात अनेकांच्या गाड्यांचे काटे अचानक बिघडले. शोध घेतल्यावर कळले की दोष गाड्यांचा नव्हताच. लुइझियाना राज्यातल्या नॉर्को येथील मोटिवा कंपनीच्या शुद्धीकरण कारखान्यातून निघालेल्या पेट्रोलमध्ये गंधकाचे प्रमाण वाढले होते आणि त्याने टाकीतल्या त्या घासणाऱ्या पट्टीवरची चांदी खाल्ली होती. आपल्या घरातली चांदीची निरांजने काळी पडतात, तसाच प्रकार. ते पेट्रोल शेलच्या पंपांवर विकले गेले होते. विक्री थांबवली गेली, काटे बदलून देण्याचा खर्च कंपनीने उचलला, आणि पुढे न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयात सगळ्या ग्राहकांचा मिळून दावा चालून तडजोड झाली. हे कसे शक्य झाले? शेकडो माणसांची एकसारखी तक्रार एका ठिकाणी जमली म्हणून. एकट्या-दुकट्याला तिथेही मेकॅनिकने फ्लोट बदलून बिल हातात दिले असते.

अमेरिकेचे सगळेच चांगले असे आम्ही म्हणत नाही. फोर्ड एक्सप्लोरर ह्या एसयूव्हीच्या फायरस्टोन टायरांनी बरेच बळी घेतल्यानंतर, २००० साली, कंपन्यांनी ग्राहकांच्या तक्रारी आणि वॉरंटीचे दावे सरकारला कळवलेच पाहिजेत असा कायदा तिथे झाला. माणसे मेल्यावर शहाणपण यायचे, हे तिथेही तसेच. पण आले.

आपल्याकडे २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने गाड्या परत बोलावण्याची पद्धत घालून घेतली. स्वेच्छेने म्हणजे कसे, ते वाचकांना सांगायला नको. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना ते लागू आहेत. मात्र त्यात दोन अटी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे दोष असा हवा की ज्याने पर्यावरणाला, चालकाला, आत बसलेल्यांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना इजा होऊ शकेल. दुसरी म्हणजे त्या गाडीच्या विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येने तक्रारी नोंदवल्या गेलेल्या हव्यात.

पहिल्या अटीवर कंपनी म्हणणार, काटा ही सोयीची वस्तू आहे, सुरक्षिततेची नव्हे. आमच्या पत्राला आलेल्या उत्तरात हेच होते, शिवाय ‘काटा केवळ अंदाजासाठी आहे’ असे पुस्तकातले वाक्यही उद्धृत केले होते. सोयीच्या वस्तूसाठी चोर्ला घाटातल्या त्या वळणावर एकदा येऊन उभे राहावे, एवढेच आम्ही म्हणू शकतो. दुसऱ्या अटीवर मात्र दोष आपलाच आहे. तक्रारींची संख्या मोजली जाते ती नोंदवलेल्या तक्रारींची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर गाडीच्या नंबरासह तक्रार नोंदवता येते. आमच्या बाकावरच्या पाच जणांपैकी किती जणांनी ती नोंदवली होती? एकानेही नाही. आम्हीही नाही. ‘सगळ्याच गाड्यांना असंच असतं’ हे वाक्य ह्यासाठीच उपयोगी पडते. ते ऐकले की माणूस तक्रार मागे घेतो, दुसराही घेतो, तिसराही घेतो, आणि सगळ्याच गाड्यांत असलेला दोष कागदावर एकाही गाडीत उरत नाही.

ग्राहक मंचाची वाट अनेकांना लांबची वाटते. वाटते तितकी ती लांब नाही. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, आणि मंचाला आता जिल्हा आयोग म्हणतात. पूर्वी कंपनीचे कार्यालय जिथे असेल तिथे धाव घ्यावी लागेल ही धास्ती असे. आता आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडे जाता येते, म्हणजे आपल्याला बेळगावातच. दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी फी ४०० रुपये. वकील असलाच पाहिजे असे नाही. मुदत मात्र पाळावी लागते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ ‘बघू, बघू’ करीत सव्वादोन वर्षांनी गेले आणि हात हलवीत परत आले. आणि अनेकांनी मिळून एकच तक्रार करता येते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे की काही ग्राहक एकत्र येऊन संयुक्त तक्रार करू शकतात. ती सगळ्याच ग्राहकांच्या वतीने असली पाहिजे असा आग्रह धरण्याचे कारण नाही.

एक अडचण खरी आहे. गाडीचा दोष सिद्ध करायला पुरावा लागतो, तज्ज्ञाचे मत लागू शकते. आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण कंपनीचे वकील ‘ग्राहकाने गाडी नीट वापरली नाही’, ‘बाहेरचे पेट्रोल भेसळीचे होते’ असे सांगणारच. तिथे वही उपयोगी पडते. तिथे जॉब कार्ड उपयोगी पडते, त्यावर आपली तक्रार आपल्या शब्दांत असेल तर. म्हणून आता आम्ही अॅडव्हायजरला पेन ठेवायला सांगतो आणि तक्रार स्वतः लिहितो, वाटल्यास मराठीत. पहिल्यांदा त्याने नाक मुरडले, आता मुकाट्याने कागद पुढे करतो. काढलेला जुना फ्लोट मागून घेतो. तो देत नाहीत, वॉरंटीतला भाग कंपनीला परत जातो म्हणतात. मग तेही कार्डावर लिहून घेतो.

आपल्या समाजाला एकत्र येण्याचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये. गणपतीची वर्गणी, शाळेची इमारत, वाचनालय, सगळे आपण मिळूनच उभे केले. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत आपल्यासारख्याच मध्यमवर्गीय कुटुंबांनी गट करून महिन्याचा किराणा एकत्र घेण्याची रीत घातली आणि ती टिकवली. पण गाडी घेतली की आपण एकटे होतो. गाडी ही प्रतिष्ठेची गोष्ट. बारा लाख मोजून घेतलेल्या गाडीत खोट आहे हे चारचौघांत कबूल करणे म्हणजे आपण फसलो हे कबूल करणे. व्यापाऱ्यांनी तर आम्हाला सरळ सांगितले, ‘बोभाटा केला तर गाडी विकताना भाव मिळायचा नाही.’ त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. ते मात्र ही गाडी काट्याबद्दल न सांगता दुसऱ्या कोणाला तरी विकणार, आणि तो दुसरा एखाद्या दिवशी आपली म्हातारी आई घेऊन घाट उतरत असणार. हे आम्ही त्यांना म्हणालो तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्या जॉब कार्डांच्या झेरॉक्स पाठवून दिल्या.

गाडीचे नाव आम्ही ह्या लेखात दिलेले नाही, कारण आमची तक्रार अजून जिल्हा आयोगापुढे जायची आहे आणि निकालाआधी छापून कोणाला बदनाम करणे योग्य नव्हे. आतापर्यंत सात गाड्यांची कागदपत्रे जमली आहेत. सातही जणांनी मंत्रालयाच्या पोर्टलवर आपापली तक्रार नोंदवली आहे. कंपनीला रजिस्टर पोस्टाने एकत्रित नोटीस गेली आहे आणि पोहोचपावती हातात आहे. ज्यांच्या गाडीचा काटा असा थांबतो, मग गाडी कुठल्याही कंपनीची असो, त्यांनी जॉब कार्डांच्या झेरॉक्स आणि शक्य असेल तर महिनाभराची पेट्रोलची नोंद मंडळाच्या कार्यालयात शनिवारी संध्याकाळी आणून द्यावी. त्या वेळी आम्ही तिथे असतो. वही कशी ठेवायची तेही दाखवू. चार रकाने आखायचे, फार काही नाही.

त्या भाजीच्या टेम्पोवाल्याला आम्ही पुन्हा भेटलो, दोन लिटरचे पैसे द्यायला. त्याने घेतले नाहीत. ह्या पावसाळ्यात त्याने चोर्ल्यात ह्याच गाडीला आणखी तिघांना पेट्रोल दिले म्हणे. त्यांचे गाडीनंबर लिहून ठेवायला आम्ही त्याला सांगितले आहे. तोवर आमची टाकी अर्ध्यावर आली की आम्ही ती भरतो, बेळगावच्याच भावाने.